हाकुओकी पहिल्यांदा खेळताना: कुठून सुरू करायचं आणि कुणाला शेवटी ठेवायचं

जपानी ओतोमे गेमबद्दल कुणी विचारलं की मी आधी हाकुओकीचं नाव घेते, आणि त्याच दमात एक अट घालते: गेम संपेपर्यंत यातल्या एकाही पात्राचं नाव गूगलवर टाकायचं नाही. कारण साधं आहे. यातले बहुतेक नायक शिन्सेनगुमीतले, म्हणजे एकोणिसाव्या शतकात क्योतोचा बंदोबस्त करणाऱ्या तलवारबाजांच्या तुकडीतले, खरोखर होऊन गेलेले लोक आहेत. कोण कुठे, कधी आणि कसा मेला हे नाव टाइप केल्यावर पहिल्याच ओळीत मिळतं. मग चाळीस तास ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावायचा, त्याचं भविष्य तुम्हाला आधीच ठाऊक असतं. गेम इतिहासापासून काही ठिकाणी फारकत घेतो हे खरं, पण नेमका कुठे घेतो ते कळण्यातच निम्मी गंमत आहे.

ओतोमे गेम म्हणजे ज्यात खेळणारी व्यक्ती एका मुलीच्या भूमिकेत असते आणि गोष्ट पुढे सरकते तसं अनेक पुरुषांपैकी एकाशी तिचं नातं जुळतं. हा प्रकार जपानमध्ये १९९४ साली 'अँजेलिक'पासून सुरू झाला. पुढे त्याच चमूने, कोएईच्या रुबी पार्टीने, २००० साली 'हारुकानारु तोकी नो नाका दे' आणला. हेइआन या जुन्या काळातल्या क्योतोसारखं जग, ओनी म्हणजे राक्षसासारखे अद्भुत जीव, देवतांचे रक्षक आणि जोडीला आरपीजीच्या (पात्रांची ताकद वाढवत खेळायच्या गेमच्या) लढाया असा त्याचा बाज. इतिहास आणि अद्भुत यांची ही सांगड तिथेच रुळली. हाकुओकी २००८ साली प्लेस्टेशन २ वर आला, आयडिया फॅक्टरीच्या ओतोमेट या ब्रँडखाली. यात मात्र लढाया तुम्ही लढत नाही. वाचायचं, ऐकायचं, आणि मधूनमधून पर्याय निवडायचा. 'मग याला गेम का म्हणायचं?' असा प्रश्न पहिल्या तासाभरात पडतोच. पडू द्या.

कोणती आवृत्ती घ्यायची

इथेच नवखे लोक गोंधळतात, कारण एकाच गोष्टीच्या डझनभर आवृत्त्या निघाल्या आहेत. इंग्रजीत सर्वांत आधी आली ती २०१२ची पीएसपी या हातातल्या जुन्या गेमयंत्रावरची. ती आता शोधत बसू नका. नंतर मूळ गोष्ट वाढवून, नवी पात्रं घालून तिचे दोन भाग केले गेले: 'क्योतो विंड्स' (इंग्रजीत २०१७) आणि 'एदो ब्लॉसम्स' (२०१८). हे दोन्ही स्टीम या ऑनलाइन गेमदुकानात मिळतात आणि साध्या लॅपटॉपवरही चालतात. भारतात बसून खेळणाऱ्यांसाठी हाच सरळ रस्ता. स्टीम रुपयांत किंमत दाखवतं, यूपीआय घेतं आणि सेल सारखे लागतात. पूर्ण किमतीला घेण्याची घाई करू नका, विशलिस्टमध्ये टाकून ठेवा.

निन्टेंडो स्विच असेल तर दोन्ही भाग एकत्र असलेली 'क्रॉनिकल्स ऑफ विंड अँड ब्लॉसम' घ्या. परदेशात राहणाऱ्यांना ती सहज मिळते. भारतात स्विच बहुधा बाहेरूनच आणलेला असतो, त्यामुळे खातं कोणत्या देशाचं आणि पैसे कोणत्या कार्डाने भरायचे याची जुळवाजुळव आधी करून ठेवा.

एक गोष्ट लक्षात घेऊनच पैसे खर्च करा: 'क्योतो विंड्स' ही अर्धीच गोष्ट आहे. ती ऐन रंगात आल्यावर थांबते. फक्त पहिला भाग घेऊन 'शेवट कुठाय?' म्हणत चिडलेले लोक बरेच आहेत, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. दुसरा भाग घ्यायचा नसेल तर पहिल्याच्या वाटेलाही जाऊ नका.

गेम मोठ्यांसाठीचा आहे. प्रेमप्रसंग संयत आहेत, पण रक्त मुबलक आहे. माणसं कापली जातात, सेप्पुकूचा, म्हणजे पोट फाडून घेऊन मरण्याचा, उल्लेख वारंवार येतो. घरातल्या शाळकरी मुलीला 'कार्टूनसारखं काहीतरी आहे' म्हणून हातात देऊ नका.

आधी एवढा इतिहास पुरे

गूगल बंद ठेवायला सांगितलं, पण अगदी कोरी पाटी घेऊन गेलात तर पहिल्या दोन प्रकरणांत नावांच्या माऱ्याने जीव मेटाकुटीला येईल. म्हणून लागेल तेवढंच सांगते.

जपानवर १६०३पासून तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची सत्ता होती. सम्राट क्योतोत, खरा कारभार एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत. साताऱ्याची गादी आणि पुण्याचा कारभार आपल्याला माहीत असल्याने हा मामला मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १८५३ साली अमेरिकेची काळी जहाजं एदोच्या आखातात आली, परदेशांशी तह करावे लागले आणि शोगुनच्या सत्तेचा वचक ओसरू लागला. 'सम्राटाला मान द्या, परक्यांना हाकला' म्हणणारे सामुराई क्योतोत गोळा झाले. त्यांत चोशू प्रांताचे लोक आघाडीवर. दिवसाढवळ्या खून पडू लागले.

१८६३ साली शोगुन क्योतोला जायला निघाला तेव्हा त्याच्या बंदोबस्तासाठी एदोहून धनी नसलेल्या तलवारबाजांची, म्हणजे रोनिनांची, एक तुकडी पाठवली गेली. त्यांतले बहुतेक परत फिरले. काही क्योतोतल्या मिबू भागात राहिले आणि शहराच्या बंदोबस्ताची जबाबदारी असलेल्या आइझूच्या सरदाराच्या, मात्सुदाइरा कातामोरीच्या, हाताखाली गेले. तेच शिन्सेनगुमी. त्यांचा प्रमुख कोंदो इसामी आणि उपप्रमुख हिजिकाता तोशिझो हे दोघंही जन्माने सामुराई नव्हेत, एदोजवळच्या तामा भागातल्या शेतकरी घरांतले. हिजिकाता तरुणपणी घरचं औषध विकत फिरायचा. 'इशिदा सानयाकू' नावाची ती पूड, मुका मार लागला की गरम साकेबरोबर घ्यायची. सामुराई नसलेली ही माणसं सामुराईंपेक्षा कडक शिस्तीने जगायला निघाली होती. नियम मोडणाऱ्याला पोट फाडून घ्यावं लागे. गेममधल्या हिजिकाताच्या कपाळावरची कायमची आठी कुठून आली, ते एवढं माहीत असलं की कळतं.

बस. यापुढचं गेमला सांगू द्या.

एक पुस्ती जोडते. खरी शिन्सेनगुमी गेममधल्यासारखी देखणी आणि हळवी नव्हती. आपल्याच एका प्रमुखाला, सेरिझावा कामोला, त्यांनी १८६३ साली रात्री झोपेत गाठून संपवलं होतं. गेमची गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि हे काही योगायोगाने झालेलं नाही. प्रेमात पडा, पण एवढं भान असू द्या.

तारखांचा घोळ

गेममध्ये काळ सांगताना बुंक्यू, गेनजी, केइओ अशी युगनामं येतात. बुंक्यू १८६१ ते ६४, गेनजी १८६४-६५ आणि केइओ १८६५ ते ६८ एवढं लक्षात ठेवा. महिने चांद्र पंचांगाचे आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या तिथीसारखेच इंग्रजी तारखेपासून मागेपुढे होतात. क्योतोतल्या इकेदाया सराईवरचा प्रसिद्ध छापा गेनजी पहिल्या वर्षाच्या सहाव्या महिन्याच्या पाच तारखेचा, म्हणजे ८ जुलै १८६४चा. 'सहावा महिना म्हणजे जून ना?' असं म्हणून इंटरनेटवर तारखा पडताळायला गेलात तर घोळही होईल आणि वर नको ते वाचाल.

पहिली बैठक

सुरू केल्यावर सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी करा. मजकुराचा वेग स्वतःच्या वाचनाच्या वेगाला जुळवा. स्किप 'फक्त वाचलेला मजकूर' यावर ठेवा, नाहीतर नवीन प्रसंग हातोहात निसटतो. पार्श्वसंगीत जरा कमी आणि आवाज जास्त करा. आवाज जपानीच आहेत, इंग्रजी डबिंग नाही, आणि ते उत्तमच. हिजिकाताला मिकी शिनइचिरोचा आवाज आहे, काझामा या शत्रूला त्सुदा केनजिरोचा. जपानी ॲनिमे बघणाऱ्यांना हे आवाज लगेच ओळखू येतील. ऑटो मोडवर टाकून नुसतं ऐकत वाचायची सवय लावून घेतलीत तर इंग्रजी मजकुराचा ताणही कमी वाटतो.

नायिकेचं नाव बदलायची सोय आहे. मी म्हणेन, बदलू नका. चिझुरूच राहू द्या.

युकिमुरा चिझुरू ही एका वैद्याची मुलगी. बापाची पत्रं यायची बंद झाली म्हणून पुरुषवेषात एकटीच एदोहून क्योतोला येते. पहिल्याच रात्री काही रोनिन तिच्या मागे लागतात, ती गल्लीत आडोशाला लपते आणि किंकाळ्या ऐकू येतात. डोकावून बघते तर फिकट निळ्या अंगरख्यांतली माणसं त्या रोनिनांना फाडताहेत. केस पांढरेफटक, डोळे लाल, आणि मेलेल्यावरही वार करत हसताहेत. ती खिळून राहते. पुढच्याच क्षणी आणखी एक तलवार विजेसारखी येते आणि ते वेडे कोसळतात. मारणाराही तसाच निळा अंगरखा घातलेला. तो साइतो हाजिमे. मागून ओकिता सोजी हसत तक्रार करतो की मला एकट्यालाच सगळे मारायचे होते. आणि मग चांदण्यात हिजिकाता तिच्यावर तलवार रोखून बजावतो: पळायचं नाही, पाठ फिरवलीस तर कापीन.

हा प्रसंग घाईत उरकू नका. पुढचा सगळा गेम यात आहे. शिन्सेनगुमीचं एक गुपित आहे, ते चिझुरूने पाहिलंय, त्यामुळे तिला सोडता येत नाही, आणि तिच्या बापाचा या गुपिताशी संबंध असल्याने मारताही येत नाही. म्हणून ती त्यांच्या वाड्यात राहते, आधी कैदी म्हणून. त्या लाल डोळ्यांच्या माणसांना मूळ जपानीत रासेत्सु म्हणतात, इंग्रजीत फ्युरी. ती कशाने तशी झाली ते लवकरच सांगितलं जातं. ओनी, म्हणजे माणसांपासून वेगळं राहणारं कुळ, ते वेगळे. या दोघांत गल्लत करू नका.

वाचताना काही शब्द वेगळ्या रंगात दिसतील. ते गेममधल्या शब्दकोशात उघडतात. तिथे गरजेपुरतीच माहिती असते, पुढचं काही फुटत नाही. अडलात तर तिथे जा.

पर्याय कसे निवडायचे

पहिल्या खेपेला वॉकथ्रू, म्हणजे कुठे काय निवडायचं ते सांगणारं गाइड, उघडू नका. मनाला येईल ते निवडा. हे ऐकायला सोपं आहे, पण 'चुकलं तर?' ही धाकधूक सुटत नाही. आपण सगळे गाइड बघून पेपर सोडवत वाढलो. म्हणून यंत्रणा कशी चालते ते सांगते, म्हणजे भीती जाईल.

प्रत्येक पुरुषाशी असलेली जवळीक गेम आतल्या आत मोजत असतो. एखाद्याला रुचेल असं काही निवडलंत की पडद्यावर चेरीच्या फुलांची छोटीशी खूण उमटते. खूण दिसली नाही म्हणजे काही बिघडलं असं नाही. बरेच पर्याय फक्त संवाद बदलतात. सुरुवातीची प्रकरणं सगळ्यांना सामाईक असतात आणि नंतर ज्याच्याशी पुरेशी जवळीक झाली त्याच्या रूटवर, म्हणजे त्याच्या वाटेच्या कथेकडे, गोष्ट वळते. कुणाशीच झाली नाही तर ती मध्येच आटोपती घेतली जाते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन प्रकरणांत एकच माणूस मनाशी धरा आणि जिथे 'कुणाबरोबर जायचं?' असा प्रश्न येईल तिथे त्याच्या मागे जा. सगळ्यांना खूश ठेवायला गेलात तर हाती कुणीच लागत नाही.

कुणाबरोबर जायचं याला इथे खरंच महत्त्व आहे. इकेदायाच्या रात्री शिन्सेनगुमीला कट कोणत्या सराईत शिजतोय हे नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी माणसं विभागली. कोंदो मोजक्या लोकांसह एकीकडे आणि हिजिकाता मोठी तुकडी घेऊन दुसरीकडे. हे इतिहासात घडलेलं. गेम ही फाटाफूट छान वापरतो. तुम्ही कुठे होतात त्यावर त्या रात्रीचं तुम्हाला काय दिसलं ते ठरतं. दुसऱ्या खेपेला दुसरीकडे जाऊन बघा, तीच रात्र वेगळी भासते.

स्वभावावरून अंदाज बांधता येतो. हिजिकाताला रडारड आवडत नाही, नेटाने उभं राहणं आवडतं. साइतो कमी बोलतो आणि नेमकं उत्तर मानतो. ओकिता 'मारून टाकीन' हे चहा विचारावा इतक्या सहज म्हणतो. घाबरलीस तर छळतो, उलट उत्तर दिलंस तर रस घेतो. हारादा सानोसुके मोठ्या भावासारखा मोकळा आहे, पोटावर जुन्या व्रणासकट. तोदो हेइसुके सगळ्यांत पोरसवदा, त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने वागा.

पुढे काही रूटवर रक्ताच्या तहानेने तळमळणाऱ्या माणसाला आपलं रक्त द्यायचं, औषध द्यायचं की सोसू द्यायचं असा पेच येतो. तिथे 'बरोबर' उत्तर शोधण्याआधी सेव्ह करा.

सेव्ह

प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक आणि प्रत्येक पर्यायापाशी एक. जागा भरपूर आहेत, काटकसर नको. सामाईक प्रकरणं संपून रूट फुटतो त्याच्या आधीचा सेव्ह कधीच पुसू नका. पुढचे सगळे नायक त्याच्यावरून सुरू होतात. एकदा पाहिलेल्या प्रकरणावर थेट जाण्याची सोयही मेनूत मिळते, पण आपल्या हाताने केलेला सेव्ह तो सेव्ह.

बॅड एंड आला तर लगेच मागे जाऊ नका, पूर्ण वाचा. हाकुओकीतले काही दुःखान्त त्या त्या माणसाबद्दल सुखान्तापेक्षा जास्त सांगून जातात.

कुणाचा रूट कधी

माझं मत इथे ठाम आहे: हिजिकाता शेवटी. गेमच्या कव्हरवर तोच आहे, सगळ्यांना आधी तोच हवा असतो, आणि नेमकं तेच करू नये. शिन्सेनगुमीची गोष्ट सर्वांत लांबवर, भूगोलाच्या दृष्टीनेही, त्याच्याच रूटवर जाते. ती आधी बघितलीत तर बाकीचे रूट मधेच सुटलेल्या वाटांसारखे वाटतात.

सुरुवात हारादा किंवा हेइसुकेपासून करा. हारादाचा रूट माणसामाणसांतला आहे, अद्भुताचा भार कमी. हेइसुकेच्या रूटवर संघटनेतली फूट आणि रासेत्सुंचा प्रश्न आतून दिसतो, आणि तो पुढे सगळीकडे कामी येतो. मग साइतो, मग ओकिता. काझामा चिकागे हा ओनी, म्हणजे मूळचा शत्रू. त्याला हिजिकाताच्या जरा आधी ठेवा, कारण चिझुरूच्या जन्माचं रहस्य एव्हाना कळलेलं असतं. वाढीव आवृत्तीत आलेले नागाकुरा, सान्नान, यामाझाकी, सोमा, इबा आणि साकामोतो र्योमा हे मध्ये कुठेही बसवा. पण सगळे बाराच्या बारा रूट सलग खेळू नका. सामाईक भाग स्किप केला तरी तेच प्रसंग फिरून फिरून येतात आणि कंटाळा येतो. तीन झाले की थोडी विश्रांती घ्या. इबाचा रूट मला ओढूनताणून जोडल्यासारखा वाटला, नागाकुराचा मात्र अनपेक्षितपणे भावला.

दोन भागांचं काय करायचं? 'एदो ब्लॉसम्स' सुरू करताना कुणाचा रूट ते थेट निवडता येतं. त्यामुळे पहिल्या भागात सगळे संपवून मग दुसऱ्याकडे वळण्याऐवजी एक माणूस धरा, दोन्ही भागांत त्याची गोष्ट पूर्ण करा आणि मग दुसऱ्याकडे या.

चिझुरूबद्दल एक कुरकुर ऐकायला मिळेल आणि ती खोटी नाही. कमरेला कोदाची (आखूड तलवार) आहे, ती चालवायलाही शिकली आहे, पण ऐनवेळी बहुतेकदा कुणीतरी पुढे येऊन तिला मागे सारतो. पहिल्या भागात हे खटकतं. दुसऱ्या भागात काही रूटवर ती निर्णय घेते, तिथे बरं वाटतं. लढणारी नायिका हवी असेल तर हा गेम तुमच्यासाठी नाही हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

वॉकथ्रू कधी उघडायचा

दुसऱ्या-तिसऱ्या रूटपासून खुशाल. एखादं चित्र गॅलरीत रिकामं राहिलंय किंवा नको त्या माणसाच्या रूटवर सारखे जाऊन पडताय, तर त्यासाठीच तो आहे. फक्त पर्यायांची यादी देणारा निवडा, कथासार सांगणारा नको. आणि खालच्या कमेंटांकडे बघू नका.

पुढे काय

हिजिकाताचा रूट संपला की गूगलवरची बंदी उठली. सर्वांत आधी साइतो हाजिमे आणि नागाकुरा शिन्पाची यांचं वाचा. दोघंही १९१५पर्यंत जगले. साइतो पुढे नाव बदलून मेइजी सरकारच्या पोलिसांत गेला, तर नागाकुराने म्हातारपणी आठवणी सांगितल्या. शिन्सेनगुमीबद्दल आज जे सांगितलं जातं त्यातलं बरंच त्यांवर उभं आहे. क्योतोला जायचा योग आला तर मिबू भागातला यागी वाडा बघता येतो. सेरिझावाला मारलं ती खोली तिथेच आहे, आणि चौकटीच्या लाकडावर तलवारीची म्हणून खूण दाखवतात.

आणि लढाया असलेलंच काही हवं असेल तर 'हारुकानारु तोकी नो नाका दे'चा तिसरा भाग, मिनामोतो आणि ताइरा घराण्यांच्या युद्धावरचा. मात्र या मालिकेचे गेम जपानीतच खेळावे लागतात, तेव्हा त्याआधी हिरागाना आणि काताकाना गिरवायला घ्या.